गरम टॉवेलची शिडी

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शाळेशी त्यांचा संबंध मागच्या बाकावर बसून मार खाण्यापुरताच आला होता. हे मास्तर कात्रीचे. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि आत पडद्यामागे टॉवेल वाफवायचा डबा. दाढी झाली की मास्तर त्या डब्यातून टॉवेल काढायचे, दोन्ही हातांत झुलवून बेताचा निववायचे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर अलगद ठेवायचे. घरी भांडून आलेला माणूससुद्धा त्या टॉवेलखाली गप्प पडून राहायचा. काही जण तर त्या टॉवेलसाठीच यायचे, दाढी हे आपलं निमित्त.

दुकानाच्या वरच त्यांचं घर. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, त्यामुळे घरात माणसं दोनच: मास्तर आणि त्यांच्या सासूबाई. नवीन गिऱ्हाईक हे ऐकून हमखास विचारायचं, "म्हणजे सासूबाई तुमच्याकडे राहतात, की तुम्ही सासूबाईंकडे?"

"अजून ठरलेलं नाही," मास्तर म्हणायचे आणि वस्तरा पुसायला लागायचे.

त्याची हकिगत अशी. मास्तरांची बायको गेली, त्यानंतर त्यांनी दुकान उघडणंच सोडून दिलं. जगाच्या दाढ्या करणाऱ्या माणसाची स्वतःची दाढी गळ्याखाली उतरली. नातेवाईक आले, समजुतीच्या गोष्टी सांगून गेले. लेकीकडे राहायला असलेल्या सासूबाईंना न्यायला त्यांचा मुलगा आला. "चल आई, आता इथे कोण आहे तुझं?" त्यानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नात आहे. आणि हे आहेत." मुलगा एकटाच परत गेला.

मग एके दिवशी सकाळी खाली शटर वर गेल्याचा आवाज झाला. मास्तर अंथरुणातून उठून जिन्यात आले. बघतात तर दुकानाचे दिवे लागलेले, दोघंतिघं बाकावर बसून पेपर वाचतायत आणि गल्ल्याशेजारी स्टूल टाकून सासूबाई बसल्यात. उभ्या जन्मात त्या माउलीनं पुरुषांच्या केस कापायच्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. तिनं वर न बघताच म्हटलं, "जावईबापू, गिऱ्हाईक खोळंबलंय."

एवढंच. मास्तर तसेच चपला घालून खाली आले आणि कात्री उचलली. पहिलं गिऱ्हाईक आरशात त्यांच्याकडे बघून म्हणालं, "मास्तर, आधी तुमची करून घ्या. मला घाई नाही."

त्या सकाळबद्दल पुढे दोघंही कधी बोलले नाहीत. सासू-जावयाच्या बोलण्यात तसल्या गोष्टींना जागाच नसते. चहा ठेवू का, किल्ली कुठे आहे, आज गर्दी होती का, यातच दिवस संपतो. आभार मानायचे राहून गेले ते राहूनच गेले.

यंदाचा हिवाळा मात्र जरा जास्तच चिवट निघाला. त्यांच्या बाथरूमला ऊन कधी दिसलेलं नाही. खालपासून वरपर्यंत टाइल्स, आणि खिडकीची एक काच अशी बसलेली की वाऱ्याला बाहेरून बोलवायची गरज नाही. गिझर होता, पाणी कढत यायचं, पण नळ बंद केला की थंडी दबा धरून बसल्यासारखी अंगावर यायची.

मास्तरांच्या लक्षात आलं ते साबणामुळे. सासूबाईंचा वेगळा साबण असायचा, तो दिवसेंदिवस तसाच, कोरा करकरीत. त्यांचा टॉवेल दोरीवर वाळत पडायचा खरा, पण त्याचं एकच टोक ओलं. आंघोळ करून आल्या म्हणायच्या आणि बाथरूमची फरशी कोरडी ठणठणीत! म्हणजे बाई आत जाऊन दार लावत होत्या, टॉवेलचं टोक भिजवत होत्या आणि थोडा वेळ काढून बाहेर येत होत्या. शाळेला दांडी मारणाऱ्या पोरानं करावं तसं.

आता जावयानं सासूला आंघोळीबद्दल विचारायचं तरी कसं? मास्तरांनी मुलीला फोन केला. ती आधी पोट धरून हसली, मग तिनं आजीला फोन लावून तिच्याकडून कबुलीजबाब काढून घेतला आणि परत बाबांना फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं. मास्तर फोन कानाशी दाबून डब्यातून टॉवेल काढत होते.

"बाबा, आजी म्हणते पाण्याचं काही नाही. पण नंतर तो टॉवेल असा गार असतो, की ओलं मांजर अंगावर घेतल्यासारखं वाटतं. म्हणून टाळते."

मास्तरांच्या हातात वाफाळता टॉवेल होता. तो त्यांनी झुलवला नाही, तसाच धरून उभे राहिले. दिवसभर आपण परक्यांच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवतो आणि आपल्याच डोक्यावर, एका छताच्या अंतरावर, ही बाई कुडकुडते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"टॉवेल तापवायचे रॅक मिळतात बाबा. भिंतीला लावायचे, विजेवर चालतात. घेऊन टाक."

"आजी घेऊ देईल?"

"मग तिला सांगू नकोस ना."

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती, पण गरज पडली की माणूस शिकतो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "आई, दुकानातला डबा आता म्हातारा झालाय. टॉवेल तापवायचा रॅक बघायला जायचंय. तुम्ही येता का? मला त्यातलं काही कळत नाही."

दुकानाचं काम म्हटल्यावर सासूबाईंनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. ठेवणीतला स्वेटर घालून, शाल घेऊन त्या दारात तयार.

ते एक मोठं, काचेचं दुकान होतं. भिंतीभर नळच नळ आणि कशालाच पाणी नाही, हे बघून सासूबाईंनी पहिल्यांदा मान हलवली. तिथल्या मुलीनं हसून विचारलं, "कसा हवाय? बाथरूम केवढं आहे?"

मास्तरांना एकदम ठसका लागला. "दुकान. दुकानासाठी हवाय."

मुलगी गोंधळली, पण तिनं रॅक दाखवायला सुरुवात केली. काही गरम पाण्याच्या नळीवर चालणारे होते. त्यांच्यासाठी भिंत फोडावी लागते म्हटल्यावर ते बाद झाले. मग विजेवरचे. सगळे शिडीसारखे दिसत होते, म्हणून सासूबाईंनी त्यांचं नाव शिडीच पाडलं. पहिल्या शिडीच्या दांड्या बारीक होत्या. सासूबाईंनी तिच्यावर तळवा ठेवला, वाट बघितली आणि काढून घेतला. "ही तापते कुठे? नुसती कोमट. पाहुण्याला कोमट चहा दिल्यासारखं."

दुसरी सोनेरी, चकचकीत. "ही वापरायची, की नुसती बघायची?"

तिसरीच्या दांड्या इतक्या जवळजवळ की मधून टॉवेल ओवावा लागेल. "जावईबापूंच्या एका हातात वस्तरा असतो. ते टॉवेलशी कुस्ती खेळत बसणार का?"

चौथी पांढरी होती. दांड्या रुंद, चपट्या आणि मध्ये हात सहज जाईल एवढी जागा. ठरावीक वेळानं आपोआप बंद व्हायची सोयही होती. सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढली, शिडीवर पसरली आणि म्हणाल्या, "लाव गं चालू." मुलीनं त्यांना खुर्ची आणून दिली. परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या त्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी शाल काढली, गालाला लावली आणि डोळे मिटले.

मास्तर बघत राहिले. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. टॉवेल तोंडावरून उचलला की माणसं अशीच दिसतात, कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेलेल्या.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाव काढेल तुमचं."

"छान निवड केलीत आजी," मुलगी बिल करता करता बोलून गेली. "फक्त आंघोळीच्या पाण्यापासून लांब लावून घ्या."

सासूबाईंनी हळूहळू मान वळवली. मास्तर एका नळाकडे टक लावून बघत होते.

"जावईबापू, आपल्या दुकानात आंघोळी कधीपासून सुरू झाल्या?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमच्यासाठी आहे, आई. घरी लावायचीय."

"माझ्यासाठी?" सासूबाईंचा आवाज चढला. "मग एवढी कशाला? ती पहिली पुरे."

"ती कोमट आहे म्हणालात."

"मला चालते कोमट."

"गिऱ्हाइकाला चालत नाही आणि तुम्हाला चालते?"

"गिऱ्हाईक आहे म्हणून घर आहे. ते आधी."

"आणि गिऱ्हाईक कोणामुळे आहे?" मास्तर म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "त्या दिवशी शटर कोणी वर केलं होतं? मी तर वर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तुम्ही खाली जाऊन बसला नसतात, तर आज मी कुठे असतो कोण जाणे. इतकी वर्षं म्हणेन म्हणतोय. म्हणायचं राहिलं."

बिल करणारी मुलगी एकाएकी एक स्वच्छ नळ पुसायला लागली.

सासूबाईंनी शालीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला वर बसवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "एकटी रडण्यापेक्षा चार माणसांत बरं, म्हणून गेले खाली. तुमच्यासाठी काही नाही." मग नेहमीच्या आवाजात, "घ्या हीच. पण तिला म्हणावं दर नीट लाव. आम्हीसुद्धा दुकानदार माणसं आहोत."

शिडी बसवायला मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक असलेला वायरमन आला. पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशी दाराजवळची भिंत त्यानं निवडली, बटण बाहेर ठेवायचं ठरवलं आणि पेन्सिल घेऊन म्हणाला, "आजी, हात वर करा बघू. किती उंचीवर लावू?"

सासूबाईंनी डावा हात वर केला.

"उजव्यानं घेणार ना टॉवेल? उजवा करा."

उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"एवढाच जातो," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"झाले की बरेच दिवस. त्यात काय एवढं."

मास्तरांना एकेक गोष्ट उमगत गेली. नुसती थंडी नव्हती तर. हात वर जात नाही म्हणून पाठ पुसता येत नव्हती, केस धुता येत नव्हते, ओल्या अंगानं त्या टाइल्समध्ये उभं राहावं लागत होतं. अलीकडे घरातही डोक्याला रुमाल बांधून असायच्या, तो विंचरायला जमत नाही म्हणून. आणि आपण साबण मोजत बसलो! वायरमन समजूतदार होता. त्यानं कमरेच्या उंचीवर पेन्सिलीनं खूण केली. जाता जाता खिडकीची काचही नीट बसवून गेला.

डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासला. आखडलाय, पण सुटेल, वेळ लागेल, व्यायाम करा, म्हणाल्या. सुट्टीला मुलगी आली तेव्हा तिनं आजीला भिंतीपाशी उभं करून बोटं कोळ्यासारखी वर वर चढवायला शिकवलं. आजी तिला शिव्या देत होती आणि चढवत होती. हलके, लवकर सुकणारे टॉवेलही तिनंच आणले.

पण हे सगळं नंतरचं. शिडी लागल्यावरच्या पहिल्या सकाळी मास्तरांनी बटण दाबलं, टॉवेल पसरला, "तापलाय हो आई" म्हणून सांगितलं आणि मर्यादेनं खाली दुकानात निघून गेले. गिऱ्हाइकाला साबण लावला. भिंतीतल्या नळीतून पाणी वाहायला लागलं तसा त्यांचा हात थांबला. पाणी बराच वेळ वाहत होतं. गिऱ्हाईक फेसातून म्हणालं, "मास्तर, झोप लागली का?"

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या, चेहरा आंघोळीनं लाल झालेला, खांद्यांवर गरम टॉवेल पांघरलेला. भरल्या दुकानात, सगळ्यांसमक्ष त्या म्हणाल्या, "जावईबापू, फार बरं वाटलं हो." आणि लगेच वर निघून गेल्या. मास्तरांनी मान खाली घालून दाढी पुरी केली. त्या दिवशी त्यांनी त्या गिऱ्हाइकाला टॉवेल दोनदा दिला.

मुलगी येऊन परत गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना, सासूबाई खाली आल्या. मास्तर कात्र्यांना तेल देत होते.

"हे केस आता मला आवरत नाहीत," त्या म्हणाल्या. "नातीला म्हणणार होते, पण ती गेली कामावर. तुमचा तर धंदाच आहे."

इतक्या वर्षांत मास्तरांनी सासूबाईंच्या पायांखेरीज कशालाही हात लावला नव्हता. त्यांनी नवा कपडा काढला, झटकला, खुर्ची पुसली. पुसलेली खुर्ची परत पुसली. सासूबाई बसल्या. आरशात दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"किती ठेवू, आई?"

"मानेपर्यंत. वाळायला त्रास नको."

पांढरी बट फरशीवर पडली, मग दुसरी. दुकानात कात्रीचाच काय तो आवाज.

"कापताय ना हो? काही कळतच नाही."

"हो, आई."

"ती म्हणायची, तुमचा हात फार हलका आहे म्हणून. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक करते आहे." सासूबाईंनी मांडीवर पडलेली बट झटकली. "खरं होतं तिचं. चांगला माणूस बघितला माझ्या लेकीनं."

मास्तरांनी कंगवा ओला केला.

"मान जरा खाली घ्या, आई."

सासूबाईंनी मान खाली घेतली.