सिलिंडर हलते, म्हणालो

बोलण्यात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. गोंदियाच्या बाजारात, बंदुकीच्या दुकानात, एकतीस वर्षं काउंटरमागे उभा आहे—गिऱ्हाईक चहा प्यायला थांबलं की घरची भांडणंसुद्धा त्याला सांगून मोकळा होतो. पण ही एक गोष्ट पोटातच राहिली. बायकोला सांगितली नाही, शेठला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हा मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. आज तुम्हाला सांगून राहिलो. काऊन, ते विचारू नका. तुम्ही बसले आहात, आणि मला तुमचं नाव माहीत नाही—एवढं पुरे.

आधी थोडं धंद्याचं ऐका. (टाळून राहिलो, हे मलाही कळते.) लायसन हाती पडून माणूस पहिल्यांदा दुकानात येतो ना, तो नवरदेवासारखा येतो. मॅग्नम पाहिजे, म्हणतो. मॅग्नम म्हणजे काय, विचारा—बोंब! सिनेमात पाहिली, बस. मग मी समजावतो. मॅग्नमची गोळी लांब, तिच्यात दारू जास्त, म्हणून धक्का जास्त, म्हणून पोलादही तगडं लागते. बजेट बेताचं असेल तर नव्या चकाकीच्या मागे लागू नका, चांगल्या हातात राहिलेली जुनी पाहा. स्क्रूच्या खाचा पाहा, त्या झिजल्या असतील तर कोण्या बह्याडानं घरी उघडली आहे. नळीत उजेड टाकून पाहा. आणि सिलिंडर—गोळ्या बसतात ते गोल फिरतं घर—ते पाहा. चाप पूर्ण दाबून धरला की ते जागच्या जागी गच्च बसलं पाहिजे. चाप सोडलेला असताना थोडं हलतेच, कोऱ्या रिव्हॉल्वरचंही हलते. हे माझ्यासारख्या माणसाला माहीत असते. गिऱ्हाइकाला नसते.

तर, केशोरीचे दयारामजी. तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते, मजुरी वाटायला जंगलातून फिरावं लागायचं, म्हणून तरुणपणी परवाना काढलेला. परदेशातून आलेल्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ती मॅग्नम रीतसर विकत घेतली होती. जन्मात कोणावर रोखली नाही. पण ठेवली कशी! त्यांची सगळ्याच वस्तूंशी तशी रीत होती. सायकल, रेडिओ, छत्रीसुद्धा. दयारामजीची वस्तू म्हटली की गावात कोणी उलटून-पालटून न पाहता घेत असे, आणि म्हातारा त्या एका गोष्टीवर मनातल्या मनात भलताच खूश असे. मला माहीत होतं ते. चांगलं माहीत होतं.

ऐंशी ओलांडल्यावर हात थरथरायला लागले. दर निवडणुकीला ठाण्यात जाऊन हत्यार जमा करा, मग सोडवून आणा—ते होईना. एक दिवस मॅग्नम आमच्या दुकानात आणून ठेवली, विकायला. भाव मुद्दाम कमी लावला. "पैशाचं नाही रे बंडू," म्हणाले, "मानूस पाहून दे. माह्या डोळ्यादेखत चांगल्या हाती जाऊ दे, म्हंजे झालं."

हव, म्हणालो.

आणि माझं मन बसलं तिच्यावर. आता कसं सांगू? काळीनिळी झाक, लाकडी मूठ दयारामजींच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. दर शनिवारी दुकानातला सगळा माल पुसायचा असतो. मी तिला शेवटी घ्यायचो, आणि ती हातात असताना मला कोणी हाक मारली तर राग यायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना रिव्हॉल्वर निवडून दिल्या मी. माझी एकही नाही. लायसनसाठी दोनदा अर्ज टाकला, दोनदा परत. तुम्हाला कोणापासून धोका आहे, असं विचारतात. मला कोणापासून धोका असणार बाप्पा? मी बंडूभाऊ. तिसरा अर्ज तेव्हा कलेक्टर ऑफिसात पडून होता, आणि मनात एकच धरून बसलो होतो: तो मंजूर होईपर्यंत ही इथेच राहावी. भाव कमी होता. मला जमण्यासारखा होता. अशी संधी पुन्हा येणार होती का?

बाईचा मामला असता तर बरं झालं असतं. लोकांनी समजून तरी घेतलं असतं. पण पन्नाशीचा माणूस, दोन पोरींचा बाप, लोखंडासाठी झुरतो—हे कोणाला सांगायचं?

मग टेकचंदभाऊ आले. कामठ्याचे, पोवार, पंधरा-वीस एकर धानाची शेती, सरळ माणूस. नवं लायसन. बसले आणि म्हणाले, मॅग्नम पाहिजे, क्वालिटीची पाहिजे, पण बजेटात बसली पाहिजे. त्यांनी मागितली ती कपाटातच होती. शेठनं स्वतः काढून दिली—"बंडू, भाईसाब को दयारामजीवाली दिखा"—आणि आतल्या खोलीत गेला.

टेकचंदभाऊंनी ती अशी धरली ना, की मला कळलं, हाच तो माणूस. बोट चापावर नाही, नळी जमिनीकडे. दयारामजी इथे असते तर त्यांनी उठून टेकचंदभाऊंच्या पाठीवर हात ठेवला असता. दहा मिनिटांत विकली गेली असती, चांगल्या हाती, डोळ्यादेखत.

मी ती परत मागून घेतली. म्हणालो, भाऊ, सिलिंडर कसं पाहायचं ते दाखवतो. चाप दाबलाच नाही. दोन बोटांत सिलिंडर धरलं आणि हलवलं.

"हलते जी," म्हणालो.

बस, एवढंच. खोटं तरी कुठं बोललो? हलतच होतं ना? त्यांनी स्वतः हलवून पाहिलं. हव, हलते, म्हणाले. आणि देशी पॉइंट बत्तीसची रिव्हॉल्वर घेऊन गेले, वर माझे आभार मानून, की बंडूभाऊ तुमी होता म्हनून वाचलो. त्या संध्याकाळी मी घरी समोसे घेऊन गेलो. बायको म्हणाली, आज काय आहे? काही नाही, म्हणालो, खावंसं वाटलं.

इथपर्यंतच असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं. धंद्यात माणूस खोटं बोलतो. पण टेकचंदभाऊ सरळ माणूस, सांगितलं ना. नवेगाव बांधच्या एका लग्नात त्यांची आणि दयारामजींची गाठ पडली, आणि त्यांनी भल्या मनानं सांगून टाकलं—बाबाजी, तुमच्या मॅग्नमचं सिलिंडर ढिलं झालं, दुरुस्त करून घ्या.

चौथ्या दिवशी दयारामजी दुकानात. केशोरीहून बसनं अर्जुनीला, तिथून सकाळच्या गाडीनं गोंदिया, सोबत त्यांची लेक प्रमिलाताई. नवरा वारल्यापासून ती बापाकडेच होती. उन्हानं दोघांचे चेहरे लाल झालेले. म्हातारा खुर्चीवर टेकला, पाणी प्याला, आणि म्हणाला, दाखव.

मी काढून दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. चाप ओढायला गेले, पण बोटाला जोर येईना, आणि हात असा थरथरायला लागला की सगळीच रिव्हॉल्वर हलायला लागली. आता काय हलून राहिलं, हात की सिलिंडर, हे त्यांना कसं कळावं? तीनदा प्रयत्न केला. मग माझ्यासमोर ठेवली.

"तूच पाह्य बंडू. माह्या हाताचा आता भरोसा नाही."

मी चाप दाबून दाखवू शकत होतो. एका सेकंदाचं काम होतं, हो! टेकचंदभाऊंना मला नीट दाखवता आलं नाही, माझीच चूक झाली, असं म्हणालो असतो तर कोणी मला फाशी देणार होतं का? शेठ थोडा बोलला असता. म्हातारा हसला असता. पण माझा तिसरा अर्ज होता ना. मी ती उचलली, चाप तसाच ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सिलिंडर हलवलं.

"थोडी ढिली झाली, दयारामजी."

दयारामजी म्हणाले, "माह्याच हातून झालं असन. तेल देताना पडली असन कवा." आणि त्यांनी मला हात जोडले. त्या माणसानं—मला. खराब वस्तू तुमच्या दुकानात आणून ठेवली, माफ कर बापा, म्हणाले. त्या कामठेवाल्याच्या गळ्यात पडली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं, म्हणाले. आता कोनाले देऊ नको, राहू दे. आणि मी? मी त्यांची समजूत काढली. होते असं जी, वय झालं, मनाला लावून घेऊ नका—असा बेशरम मी. प्रमिलाताईनं बापाच्या कोपराला धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या, आणि मी ती पुसून पुन्हा कपाटात ठेवली. मला पाहिजे होतं तेच झालं होतं.

होळीच्या आधी दयारामजी गेले. तिसरा अर्जही परत आला.

प्रमिलाताई कागद करायला आली तेव्हा तिनं सांगितलं. त्या दिवसानंतर बाबांनी कशालाच हात लावला नाही, म्हणाली. रेडिओ शेजाऱ्याला देऊन टाकला, सायकल पुसायचं सोडलं, घड्याळाला चावीसुद्धा तिलाच द्यायला लावायचे. माझ्या हातून बिघडते, म्हणायचे. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. म्हाताऱ्या माणसांचं असंच असते, अशा सुरात सांगत होती, आणि मी मान हलवत होतो.

घरात कोणाला परवाना नाही, म्हणून हत्यार सरकारजमा करायचं ठरलं. असं जमा झालेलं हत्यार पुढे तोडतात. अर्ज मी भरला, माझं अक्षर चांगलं आहे. हत्याराची स्थिती, असा एक रकाना असतो. तिथं माझा हात थांबला. ताई समोरच उभी होती. म्हणाली, बाबांनी सांगितलं होतं दादा, खरं असेल तेच लिहायचं, खराब वस्तू चांगली म्हणून कोणाला द्यायची नाही. मी लिहिलं—सिलिंडर ढिले. तिनं खाली सही केली.

मग जाता जाता तिनं विचारलं, "दादा, कवापासून बिघडली होती ती? बाबाले शेवटपर्यंत तेच समजलं नाही. रोज आठवत बसत, कवा पडली, कुठं पडली."

जुनी वस्तू आहे ताई, सांगता येत नाही, म्हणालो. बरं, म्हणाली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

ती मॅग्नम कधीच बिघडली नव्हती. दयारामजींच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. मला आजही ती हातात असल्यासारखी वाटते कधी कधी, शनिवारी तर नक्कीच—आणि मग त्यांचे जोडलेले हात दिसतात. प्रमिलाताई केशोरीलाच आहे. सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणाआधी तिच्या दारात पोचता येते. मी गेलो नाही.