तळव्यांआडची धार

धारेची पहिली चिळकांडी रिकाम्या चरवीच्या तळावर आदळते तेव्हा तिचा नाद धातूचा असतो. मग दूध चढत जातं तसतसा तो मऊ, जाडसर होत जातो आणि शेवटी फेसात कुठेतरी बुडून जातो. कोल्हापुरातल्या या दूधकट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून ऊन दुधाचा पेला हाती देतात. लहानपणापासून मी इथे येते आहे; पण हा उतरत जाणारा स्वर मला ऐकायला लावला तो माझ्या लेकीनं, ईरानं, एक अक्षरही न बोलता.

ईरा आठ वर्षांची आहे, स्वमग्न आहे. शब्द तिच्याकडे मोजकेच. गर्दी, टाळ्या, गालगुच्चे घेणारे हात हे सगळं तिच्यावर एकदम कोसळतं, आणि मग ती कानांवर तळवे घट्ट दाबून खाली बसते. त्यात आमचं गाव मायासुद्धा ओरडून करणारं! लेकरू रडलं की दहाजण धावणार, उचलणार, गदागदा हलवून हसवणार. मीही त्याच मातीतली. राजारामपुरीतल्या, अशा मुलांच्या पालकवर्गात तिथल्या ताईंनी मला शिकवलं ते बहुतांशी न करण्याचंच होतं. जिथे जायचं तिथलं चित्र आधी दाखवायचं; ती बिथरली तर बोलणं कमी करायचं; स्पर्शाआधी ‘हात लावू?’ असं विचारायचं, तिनं मान हलवेपर्यंत थांबायचं, आणि नुसतं शेजारी बसून राहायचं. कोल्हापूरच्या बाईला गप्प बसवणं म्हणजे ताईंची कमालच.

त्या मार्गशीर्षातल्या संध्याकाळी दूरच्या गुऱ्हाळावरून गुळाचा दरवळ येत होता आणि मावळतीचं पिवळं ऊन म्हशींच्या काळ्याभोर पाठींवर रेंगाळत होतं. गर्दी व्हायच्या आत आम्ही आमच्या कडेच्या दगडावर बसलो होतो. ईरा धार ऐकत डुलत होती. तेवढ्यात उचगावहून नणंदेचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

“वहिनी, राग मानू नका, पण ईराला आणू नगासा. बँड असतोय, पोरगी बिथरती, माणसं बघत बसत्यात. शेजारी ठेवा की एक दिवस.”

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. आज मांडवातून वगळलेली माझी लेक उद्या कुठून कुठून वगळली जाईल, या विचारानं माझा बांध फुटला आणि मी तिथेच, म्हशींच्या दावणीशी, हुंदके देऊन रडू लागले.

मग काय, कट्टाच धावला. “काय झालं ओ ताई?” “चक्कर आली व्हय?” “पावणं, सरा की, वारा येऊ द्या!” कुणी पाणी पुढे केलं, कुणी खांदा धरून हलवला. सगळी भली माणसं. आणि तरी त्यांच्या त्या मायेखाली माझा श्वास कोंडला. पळून जावंसं वाटलं.

तेव्हा ईरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत न बघता, माझ्या खांद्यापलीकडे पाहत तिनं विचारलं, “हात?”

आणि थांबली. मी मान हलवेपर्यंत थांबली.

मग तिचे गार, चिमुकले तळवे माझ्या दोन्ही कानांवर आले. कट्ट्याचा कल्लोळ दूर दूर विरत गेला. उरला तो फक्त एक खोल, संथ घुमारा. धारेचा की माझ्याच रक्ताचा, कोण जाणे. तिला भावना समजावून द्यायच्या म्हणून मी इतके महिने झटत होते, आणि माझं दुःख तिनं कधीच ओळखलं होतं. तिच्यापाशी होतं ते सगळ्यात मोलाचं औषध तिनं मला देऊन टाकलं होतं.

उचगावच्या मांडवालाही एखादी कड असेलच, दोघींना शेजारी बसता येईल अशी. फोन पुन्हा थरथरू लागला होता. चरवी भरत आली होती. ईरानं हात काढले नव्हते, आणि मलाही उठायची घाई नव्हती.