शनिवारचं शटर

माझा स्वभाव संशयी आहे असं घरचे म्हणतात. म्हणोत बाप्पा. गोदामांचा धंदा करणाऱ्या बाईनं संशयी नसावं, तर काय भोळंभाबडं असावं?

पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर, एका कापड दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे मी आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे जवाई. पांढुर्णा, सौसर, बोरगाव, मोहगाव या पट्ट्यातली रिकामी गोदामं आणि दुकानांचे गाळे आम्ही मोबाइलवर दाखवतो, भाडेकरू मिळवून देतो, आणि मग शटरला आमची एक डबी बसवतो. कुलूप फोनवरून उघडतं, फोनवरून लागतं, आणि कधी उघडलं ते आम्हाला आणि भाडेकरूला तिथल्या तिथं कळतं. मालक निवांत, भाडेकरू निवांत. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, माणसांचं सगळं जवायांकडे. मला माणसं जमत नाहीत. जवाई मात्र कुठल्याही अनोळखी ओसरीवर जाऊन बसले की घडीभरात त्यांच्या हातात चहाचा कप येतो.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नागपूरची एक कंपनी. बोरगावच्या कारखान्यांचा माल ती साठवते, आणि आमच्या हातातली निम्म्याहून जास्त गोदामं तिच्याकडेच होती. ती गेली असती तर आम्ही डब्या विकून पाणीपुरीची गाडी लावली असती. एक दिवस त्यांच्या साहेबांचा फोन आला. सौसर-मोहगाव रस्त्यावरचं गोदाम दर शनिवारी दुपारी उघडतं, म्हणाले; नोंद माझ्याकडेही येत होती, पण रोजच्या ढिगात मी ती पाहिली नव्हती. शनिवारी त्यांची सुट्टी असते, त्यांचं कोणी तिकडे फिरकत नाही. माल जागच्या जागी होता. एक खोकं हललेलं नव्हतं.

खरं सांगते, चोरी झाली असती तर मला बरं वाटलं असतं. चोराला निदान काहीतरी हवं असतं. हा कोण, जो दर आठवड्याला येतो, आत जातो आणि हात हलवत परत जातो?

ते गोदाम मला जास्त झोंबलं, कारण ती जागा म्हणजे एकेकाळी आमचं शेत होतं. बाबा गेल्यावर आईनं ते वावर विकलं आणि घेणाऱ्यानं त्यावर गोदाम उभं केलं. आमच्या कंपनीत पहिलं आलेलं गोदाम तेच. आई अजून सौसरातच राहते, एकटी.

आता डबीची गोष्ट. भाडेकरूला त्याचा स्वतःचा आकडा असतो. त्याशिवाय नेट गेलं, फोन हरवला, तर शटर उघडायला डबीवरच दाबायचा एक अडीनडीचा आकडा आम्ही ठेवला होता. तो फक्त दोघांना ठाऊक होता, मला आणि जवायांना. शनिवारचं शटर त्याच आकड्यानं उघडत होतं. मी उघडलं नव्हतं. मग राहिलं कोण?

बाहेरचा माणूस म्हणेल, सरळ विचारायचं. आमच्याकडे जवायाला असं विचारत नाहीत हो. जवाई घरी आला तर त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, पहिलं ताट त्याला वाढायचं, आणि त्याच्या अडचणीचं काही निघालं की आपणच विषय बदलायचा. 'शनिवारी कुठं होता?' असं विचारणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, माझ्या बहिणीला चोराची बायको म्हणणं, आणि पुढच्या दिवाळीला आईच्या घरी दोन चुली मांडणं. नुसते भागीदार असते तर मी कॉलर धरली असती. पण ते आधी जवाई होते.

म्हणून मी आडून गेले. ऑफिसात सहज म्हटल्यासारखं म्हटलं की सौसरच्या गोदामाचं शटर शनिवारी वर जाताना दिसतं. जवायांनी फोनमधून डोकं वर काढलं नाही. हवेनं हलत असेल, डबी बदलून टाकू, म्हणाले. हवेनं! हवेला आकडा कोणी सांगितला? ज्या माणसानं स्वतःच्या हातानं ती डबी बसवली, तो मला हवा सांगून राहिला होता. त्या क्षणी माझ्या मनात जी पाल चुकचुकली, ती मग गप्प बसलीच नाही.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. फोन आला की जवाई जिन्यात जायचे. फोन टेबलावर ठेवायचे तो उलटा. एका शनिवारी मी विचारलं नसताना त्यांनीच सांगितलं की तिगावला गेलो होतो, आणि मी मनात म्हटलं, न विचारता सांगितलेलं खरं नसतं. नागपूरचा एक एजंट आमच्यासारखाच धंदा या भागात सुरू करणार अशी कुणकुण होती, आणि तो बसस्टँडजवळ जवायांसोबत चहा पिताना मला दिसला. आमचे आकडे, आमची गिऱ्हाइकं, सगळं त्याच्या खिशात चाललंय असं मी धरूनच चालले. बहिणीकडे नवा फ्रिज आला होता. मी त्या फ्रिजकडेही संशयानं पाहिलं. शनिवारी जवाई कुठं असतात म्हणून बहिणीला हळूच विचारलं तर ती उखडली. तुझ्याच कामाला जातात आणि तूच विचारते, म्हणाली. म्हणजे हिलाही माहीत नाही, असं मी मनात धरलं.

आईला रोज फोन असायचा. ती तर जवायांचं कौतुक करून थकत नव्हती. हिरा आहे हिरा, म्हणायची. मला वाटलं, घ्या, म्हातारीलाही गुंडाळलं यांनी.

शुक्रवारी साहेबांनी शेवटचं सांगितलं. तुमच्यातलंच कोणीतरी आहे, सोमवारपर्यंत नाव द्या, नाहीतर आम्ही सगळीच गोदामं सोडतो. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी फोन ठेवला आणि अडीनडीचा आकडा बदलून टाकला. जवायांना सांगितलं नाही. उद्या कोणी जुना आकडा दाबला की माझ्या फोनवर येणार, आणि मी समोर उभी असणार. अगदी रंगेहाथ.

शनिवारी नवऱ्याची कार घेऊन सौसरला गेले. गोदामाच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, संत्री पेट्यांत भरायची शेड आहे. तिथं एका पालथ्या क्रेटवर बसले, ओढणी नाकापर्यंत ओढून. संत्री निवडणाऱ्या बायका मला पाहून हसायला लागल्या. एकीनं तर विचारलंच की लपून कोणावर नजर ठेवून राहिली, नवऱ्यावर का? मी म्हटलं, हाव, नवऱ्यावरच. तिनं मोठ्या सहानुभूतीनं एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. मी ते न खाताच मांडीवर ठेवलं.

दुपार कलायला लागली तेव्हा जवायांची गाडी आली. मागे एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. देवा, माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगायची सोय नाही. एजंट राहिला बाजूला, हे तर भलतंच निघालं, आता बहिणीला काय सांगू? मग ती बाई जवायांच्या खांद्याला धरून हळूहळू उतरली, आणि उतरल्यावर तिनं उजवा गुडघा दाबला.

गुडघा असा दाबणारी बाई मी जन्मापासून पाहत आले आहे. ती माझी आई होती.

मी उठून रस्ता ओलांडायला लागले. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. आकडा चुकीचा. जवायांनी पुन्हा दाबला. आकडा चुकीचा. मग ते थांबले आणि डबीकडे नुसते पाहत राहिले. आकडा बदलू शकणारं जगात एकच माणूस आहे हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मान वर केली आणि रस्त्याच्या मधोमध मी दिसले.

"बंद पडलं का, जवाई?" आईनं विचारलं. तिची माझ्याकडे पाठ होती.

जवाई माझ्याकडेच पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, "बॅटरी गेली वाटते, आई. ताईले काही माहीत नाही. मी बदलून घेतो."

मला तिथंच धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. रागही आला. आकडा मी बदलला हे आईपासून झाकणारे हे कोण?

आई वळली आणि मला पाहून तिचा चेहराच उतरला. लहानपणी मी तिला पाहून चिंचेचं बोटूक पाठीमागे लपवायची, तशी तिनं पिशवी मागे घेतली. पिशवीत पितळेचा दिवा, तेलाची बाटली आणि वाती होत्या. मग हळूहळू सगळं निघालं. वावर विकलं तेव्हा बांधावरचा आमचा शेंदराचा देव दुसरीकडे बसवू असं ठरलं होतं, आणि मला वाटत होतं की बसवला; गोदाम मी कधी आतून पाहिलंच नव्हतं. पण बांधकामाच्या गवंड्यांनी त्याला हात लावायला साफ नकार दिला, आणि देव तिथंच राहिला, गोदामाच्या आत, मागच्या कोपऱ्यात. शनिवारी त्याला दिवा लावायची आमच्या घरची रीत. आईनं जवायांना सांगितलं, जवाई सासूला नाही कसं म्हणणार? आणि तिनं त्यांना शपथ घातली, थोरलीला कळू द्यायचं नाही.

"मले कायले नाई सांगतलं?" मी विचारलं. आवाज माझा चढलाच.

आई जमिनीकडे पाहत म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू नाई म्हटली असती."

करारात लिहिलंय, भाडेकरूशिवाय कोणी आत जायचं नाही. विमा आहे. खोकी आहेत, पेटती वात आहे. मी नाहीच म्हटलं असतं. आईसमोर खोटं कसं बोलू?

मी नवा आकडा दाबला. शटर वर गेलं. आत छतापर्यंत खोकी रचलेली, आणि मागच्या कोपऱ्यात हातभर जागा मोकळी. तिथं फरशी नव्हती. आमच्या वावरातली काळी माती होती आणि मातीत देव. आईनं पदरानं धूळ पुसली, दिवा लावला. जवाई पाण्यानं भरलेली बादली घेऊन शेजारी उभे राहिले, दिवा विझेपर्यंत, आणि वात पूर्ण थंड झाल्याची बोट लावून खात्री करूनच बाहेर आले. दर शनिवारी ते हेच करत होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं की तुम्ही मला सांगायला हवं होतं. ते बादली उपडी करत होते.

"शपथ होती, ताई. अन् तुम्ही विचारलं कुठं?"

सोमवारी मी साहेबांना नाव दिलं. माझ्या आईचं. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग देव कोणता, विचारलं. शेवटी त्या कोपऱ्याभोवती आमच्या खर्चानं जाळी लावायची, दिव्याजवळ आमचा माणूस हवा, आणि उघडण्याआधी मला कळवायचं, एवढ्यावर मिटलं. गोदामं राहिली. कंपनी राहिली. तो एजंट जवायांच्या मावसभावाचा साडू निघाला, हेही नंतर कळलं, आणि फ्रिज हप्त्यावरचा होता.

मी जवायांना नवा आकडा त्याच दिवशी दिला. कळवायचं म्हणजे एक मेसेज टाकला तरी चालतं, हेही सांगितलं. ते हो म्हणाले. आमच्याकडे जेवतात, हसतात, बहिणीची थट्टा करतात. दाखवायला करतात की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी अजून लक्ष ठेवून आहे. पण ते मेसेज टाकत नाहीत. दर शनिवारी शटरसमोर उभं राहून फोन करतात. "ताई, आई आल्या. उघडू का?" आणि मी उघडा म्हणायच्या आत मागून आईचा आवाज येतो, हळू, भीत भीत.

"नाई म्हणते का?"