नवसाची कोंबडी आणि माझं सर्टिफिकेट

सुरुवातीलाच मला माफ करा. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. बाबा कंपनीत रजेचा अर्ज लिहितात, तोसुद्धा मागच्या अर्जावरून उतरवून. आई सही करते. त्यामुळे मी बसून काही लिहावं आणि ते तुम्ही वाचावं, हे मला स्वतःलाच जरा जास्त वाटतं. त्यात विषय कोंबडीचा. पण दुसरं काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही, आणि हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बाबा बारा वर्षांपूर्वी चेन्नईला आले. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी आहे, तिथे ते मशीनवर असतात. कंपनीपासून सायकलच्या अंतरावर आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आहेत, मागे थोडी मोकळी जागा. मी घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. कॉलेज शहरात, मैलापूरच्या बाजूला. तिथे मी हॉस्टेलवर राहतो आणि शनिवारी बसने घरी येतो.

कॉलेज सुरू होण्याआधी आई मला शर्ट घ्यायला टी. नगरला घेऊन गेली. शर्ट घेतला. परत येताना फुटपाथवर एक माणूस टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं घेऊन बसला होता. हिरवी, जांभळी, गुलाबी. आई म्हणाली, गावाला दारात कोंबड्या असायच्या, इथे बारा वर्षं दार रिकामं आहे. तिने दोन घेतली, एक गुलाबी आणि एक हिरवं. पिशवी नव्हती, म्हणून शर्टाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात शर्टावरच ठेवली. बसमध्ये ती चिवचिवायला लागली. शेजारच्या गृहस्थांनी मला तमिळमध्ये सांगितलं की फोनचा आवाज बंद कर. मी खिशातून फोन काढून खरंच सायलेंट केला. आवाज चालूच राहिला. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मी खिडकीबाहेर.

हिरवं आठवडाभरात गेलं. गुलाबी जगलं. हळूहळू रंग उतरला आणि खालून साधी तांबूस कोंबडी निघाली. तिला आम्ही नाव ठेवलं नाही. आई तिला नुसतं "बाई" म्हणायची, जशी शेजारणीला हाक मारावी तशी. मी मागच्या पायरीवर अभ्यासाला बसलो की ती येऊन माझ्या पावलावर बसायची. वही उघडी ठेवली तर दशांश चिन्हांवर चोच मारायची. तिला ते दाणे वाटत असावेत. एक मिळाला नाही की पुढच्यावर. माझ्या गणिताच्या वहीत अजून तशी भोकं आहेत. हॉस्टेलवर परत गेल्यावर ती भोकं पाहून मला बरं वाटायचं. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या सेमिस्टरला माझं गणित राहिलं. इथे राहिलेल्या विषयाला अरिअर म्हणतात. घरी सांगितलं तेव्हा बाबा चहा संपवून पुन्हा रिकामा कप तोंडाला लावत राहिले. आईने विचारलं, किती जणांचं राहिलं. मी म्हटलं, चाळीस. त्यातल्या किती जणांच्या घरी शिकवणारं कुणी आहे, असं तिने विचारलं. ते मला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात तिने गावच्या देवीला नवस बोलला. पोरगं या विषयातून सुटू दे, दारातली कोंबडी देईन. आणि दारात कोंबडी एकच होती.

मी म्हटलं, बाजारातून दुसरी आणू. बाबांनी मान हलवली. म्हणाले, "कंपनीत स्पेअर पार्ट चालतो. देवीला ओरिजिनल लागतो."

म्हणजे मी पास झालो तर ती जाणार आणि नापास झालो तर राहणार. आमच्या कॉलेजात अरिअर असलेले पुष्कळ होते, पण एवढी विचित्र अडचण दुसऱ्या कुणाची नसावी.

याच काळात कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या होत्या. पहिल्या दिवशी जाताना त्यांनी सांगितलं की प्रत्येकाचा एक स्पिरिट ॲनिमल असतो, आपल्या आतल्या स्वभावाशी जुळणारा प्राणी. उद्या तो शोधून या. मी ते मनातल्या मनात मराठीत आणून पाहिलं, पण दर वेळी अंगात आल्यासारखं काहीतरी वाटायचं. मग मला देवक आठवलं. लग्नात मांडतात ते. कुणाचं मोराचं पीस असतं, कुणाचं एखादं झाड. मी बाबांना फोन केला आणि आपलं देवक काय, असं विचारलं.

मागे मशीनचा आवाज होता. बाबांना आधी वाटलं मी लग्न ठरवलं. मग ते म्हणाले, पंचपल्लव, पाच झाडांची पानं. मी विचारलं, प्राणी नाही का. ते म्हणाले, नाही. देवकाचं करायचं काय असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पाया पडायचं, मोडायचं नाही, खायचं नाही. आणि फोन ठेवला, कारण सुपरवायझर आला.

दुसऱ्या दिवशी एकेकाने उठून सांगितलं. अकरा जण वाघ निघाले. सहा गरुड. दोन लांडगे. एक मुलगी डॉल्फिन होती आणि तिच्यासाठी टाळ्या झाल्या. मी सिंह म्हणायचं ठरवलं होतं. पण सिंह मी एकदाच पाहिला होता, वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात, आणि तेव्हा तो झोपलेला होता. त्याच्याबद्दल मी काय सांगणार? माझी पाळी आली आणि तोंडातून "हेन" निघालं.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्या चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुला कोंबडा म्हणायचं आहे का? तो सगळ्यांना जागं करतो, म्हणजे नेतृत्व. मी म्हटलं, नाही मॅडम, कोंबडीच. कारण काय? माझं इंग्रजी तिथे अपुरं पडलं. मी एवढंच सांगितलं की दाणे ताटलीत ठेवले तरी ती आधी ताटली उकरते. तिला आयतं मिळण्याचा भरवसा नसतो. मीही तसाच आहे. वर्ग पुन्हा हसला, पण थोडा कमी.

शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. माझ्या सर्टिफिकेटवर माझं नाव, खाली स्पिरिट ॲनिमल हेन, आणि त्याखाली नेतृत्वगुण असल्याचं छापलेलं. नेतृत्वगुण सगळ्यांच्याच सर्टिफिकेटवर होते.

आमच्याकडे माझ्या नावाचा कुठलाही कागद आला की आई त्याला लॅमिनेशन करते. शाळेतल्या धावण्याच्या स्पर्धेत भाग घेतल्याचा कागदसुद्धा केलेला आहे. हेही झालं आणि देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लागलं. काय लिहिलंय, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं होतं, कार्यशाळेचं आहे.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मॅट्रिक्सचा मोठा प्रश्न आला होता आणि तो मला येत होता. मी पेन टेकवलं आणि थांबलो. हा सोडला तर पास होणं कठीण होतं. कोंबडी आत्ता मागच्या पायरीपाशी माती उकरत असेल, असं मनात आलं. मग बाबांचा तो रिकामा कप आठवला. मी प्रश्न सोडवला. सगळेच सोडवले. हे लिहिताना मला अजूनही थोडी लाज वाटते.

निकाल जुलैत लागला. मी पास झालो. आईने देव्हाऱ्यासमोर साखर ठेवली आणि त्याच दिवसापासून कोंबडीला भातात सुकट घालून खाऊ घालायला लागली. नवसाची वस्तू नीट ठेवावी लागते. कोंबडी आठ दिवसांत गुबगुबीत झाली. माझ्या पास होण्याचा इतका आनंद आमच्या घरात दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

गावी जायचं तर थेट मे महिन्यात, आणि कोंबडी घेऊन रेल्वेने दोन दिवस जाता येत नाही. तेव्हा आमच्या घरमालकीण, ज्यांना सगळी गल्ली पाट्टी म्हणजे आजी म्हणते, त्यांनी तोडगा काढला. आडी महिना लागला होता. हा इथे अम्मनचा महिना, आपल्याकडचा आषाढ-श्रावण. रविवारी कोपऱ्यावरच्या देवळात आंबील वाटतात आणि लोक कोंबड्या देतात. पाट्टी म्हणाल्या, तुमची देवी आणि आमची अम्मन बहिणीच, इथे दिलं की तिथे पोचतं. तिसरा रविवार ठरला.

त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी मी घरी होतो. मला जेवण गेलं नाही. शेवटी मी भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून आईपुढे ठेवलं आणि त्यावर काय लिहिलंय ते सांगितलं. स्पिरिट ॲनिमलला मराठीत काय म्हणतात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, देवकासारखं असतं.

आईने पदराने लॅमिनेशन पुसलं. "म्हणजे कोंबडी तुझं देवक, असं कॉलेजनं लिहून दिलंय?"

"तसंच काहीतरी."

"शिक्का आहे?"

शिक्का होता.

"अरे, मग दुसरं जनावर नाही का मिळालं तुला? वाघ होता की."

"वाघ अकरा जणांनी घेतला होता."

बाबा कोपऱ्यात बनियन वाळत घालत होते. ते म्हणाले, "हत्ती सांगायचास. नवसाला हत्ती कुणी बोलत नाही."

पण आई हसली नाही. ती खरोखर पेचात पडली होती. एका बाजूला देवीला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला कॉलेजचा शिक्का. माझं देवक कापलं आणि मला पुढे काही झालं तर? मला एकदम अपराधी वाटलं. मला कोंबडी वाचवायची होती, आईला घाबरवायचं नव्हतं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

तिने सर्टिफिकेटचा फोटो काढायला लावला आणि तो गावी आत्याला पाठवला. आत्या गुरवाकडे जाऊन देवीला कौल लावणार होती. मूर्तीला फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर कोंबडी सोडायची, नारळावर भागवायचं. डावं पडलं तर द्यायची. मधल्या काळात पाट्टींना काही सांगायचं नाही, असं ठरलं. पाट्टींनी मसाला वाटून ठेवला होता.

हॉस्टेलवर मला राहवेना. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत्याला फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. की ते देवक नाही, वर्गातला एक खेळ होता, कॉलेज देवक देत नाही. मीच सांगितलं आणि त्यांनी छापलं. आईला सांगायची हिंमत झाली नाही. खोट्या कागदावर देवीला कौल लावू नकोस.

पलीकडे पाऊस वाजत होता.

आत्या म्हणाली, "कागद मी गुरवासाठी ठेवलाय रे. देवीला कशाला लागतोय? तिला मी सांगणार, आमच्या पोराचा त्या कोंबडीत जीव आहे. ते तरी खरं आहे ना?"

मी हो म्हटलं. पण पावसात तिला ऐकू गेलं नाही, म्हणून ते मला दोनदा म्हणावं लागलं.

त्यानंतर गावाकडचा फोन लागेना. तिकडे पावसाने टॉवर बंद पडला होता. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी एकदाचा आईला फोन लागला आणि तिने कळवलं की गुरव दुसऱ्या गावी गेलाय, आला की लावेल. मी वर्गात बसायचो आणि वहीतली भोकं पाहायचो.

शनिवारी दुपारी मी घरच्या बसमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी तो रविवार. पूनमल्ली ओलांडल्यावर आईचा आवाजी मेसेज आला, चार मिनिटांचा. आईचा मेसेज पुढे सरकवून ऐकता येत नाही, कारण ती कुठली गोष्ट कुठे सांगेल याचा नेम नसतो. मी फोन कानाला लावला.

आधी तिने सांगितलं की बाबांची शिफ्ट बदलली. मग नळाला पाणी आलं नाही. मग म्हणाली की बाई सकाळपासून खुडूक बसलीय, तुझ्या जुन्या शर्टावर, कुणाला जवळ येऊ देत नाही, पाट्टींच्या हाताला चोच मारली. खाली अंडी हवीत, तर येताना कुणाकडून गावठी मिळतात का बघ, दुकानातली उबत नाहीत. त्यावर मला एकदम आशा वाटली, पण आईचा काही भरवसा नाही. नवसाच्या कोंबडीलाही ती अंडी देईल. मग पाट्टींच्या हाताला हळद लावली तेही आलं. तीन मिनिटं होऊन गेली. शेजारच्या बाईंनी मला रडताय का असं विचारलं. मी नाही म्हटलं.

मग आई खोकली आणि म्हणाली, "आणि हो, आत्याचा फोन आला होता. दीड तास लागला म्हणे, फूल हलेचना. गुरव कंटाळला. मग पडलं एकदाचं. उजवं पडलं."