नेरिडाने नीट केलेलं पुस्तक

वॉलरू गावच्या साप्ताहिकाला टाळं लागलं तेव्हा नेरिडा पॅस्को पन्नाशी ओलांडून बसली होती. उभी हयात तिने त्या कचेरीतल्या मागच्या टेबलावर काढलेली. लोकांनी पाठवलेल्या बातम्या, लग्नांचे मजकूर, श्रद्धांजल्या, सगळं तिच्या हाताखालून सरळ होऊन छापायला जायचं. गावातल्या मेलेल्यांपैकी निम्म्यांच्या शेवटच्या चार ओळी तिनेच नीटनेटक्या केल्या होत्या. तिचं स्वतःचं नाव कधी कुठे छापून आलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

घरी बसल्यावर मात्र तिला करमेना. सुपाच्या डब्यांवरची लेबलं वाचून त्यातल्या चुका ती नवऱ्याला, क्लेमला, ऐकवायला लागली. क्लेम बंदरावर धान्याच्या कोठारात कामाला होता, पाय अधू झाल्याने लवकर घरी बसलेला. एक दिवस तो वैतागला.

"अगं, एवढी खाज आहे तर धंदा काढ. त्या सूपवाल्याला गिऱ्हाईक कर!"

तिने खरंच काढला. मागच्या पडवीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी टेबल मांडलं. मजकूर-दुरुस्तीची पाटी क्लेमने रंगवली आणि रंगवताना नेमकं एक अक्षर गाळलं. पुन्हा ब्रश हातात घेत तो म्हणाला, "चला, तुझं पहिलं गिऱ्हाईक मीच."

सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. अ‍ॅडलेडहून विद्यार्थ्यांचे प्रबंध यायचे, नर्सिंगच्या नेपाळी मुलींचे तर फार. आसपासचे गहूवाले शेतकरी आपल्या घराण्याचे इतिहास घेऊन यायचे. नेरिडाची पद्धत ठरलेली होती. जिथे अडायचं तिथे ती समासात प्रश्न लिहायची: हे असंच म्हणायचंय का? इथे आजोबा म्हणता ते कोणते? लेखकाचं उत्तर आल्याशिवाय ती एक शब्द हलवायची नाही. लोक कुरकुरायचे, पण पुन्हा तिच्याकडेच यायचे.

मग संगणकच बसल्या जागी दुरुस्ती करून द्यायला लागला. विद्यार्थी आधी गेले. एका मुलीने तेवढा फोन केला. "तुमचं काम छानच होतं हो, राग मानू नका. पण यंत्र लगेच करून देतं, आणि ते काही विचारत बसत नाही." नेरिडा म्हणाली, "नाही गं, राग कसला!" आणि फोन ठेवून बराच वेळ फिरणाऱ्या मशीनमधले कपडे बघत बसली.

अशा कोरड्या दिवसांत ग्वेन ट्रेवार्था एक खोका घेऊन आली.

ग्वेन तिची शाळेपासूनची मैत्रीण. दर मंगळवारी दोघींचा चहा ठरलेला. ग्वेनचा मुलगा रॉडी सुगीच्या दिवसांत गव्हाचा ट्रक चालवायचा. चार वर्षांपूर्वी भर दुपारी शेजारच्या कडीना गावाच्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि तो जागीच गेला. त्या विषयावर ग्वेन फारसं बोलायची नाही. म्हणून खोक्यातले कागद बघून नेरिडा चपापली.

"रॉडीवर लिहिलंय," ग्वेन म्हणाली. "हसायचं नाही हं."

"हसेन कशाला?"

"शाळेत माझे निबंध तूच लिहायचीस ना."

"आणि माझ्या वाटचं नेटबॉल तू खेळायचीस. फिट्टंफाट."

ग्वेन हसली. मग टेबलाच्या कडेला हात घासत म्हणाली, "तेवढं नीट कर गं. लोकांना वाचता येईल असं."

नेरिडाने ते एका बैठकीत वाचून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाती खरं पुस्तक आलं होतं. चुका पोत्याने होत्या, पण माणूस जिवंत होता. फक्त एक प्रसंग जागोजागी परत यायचा. त्या दिवशी रॉडी ट्रक थांबवून दारात आला होता. पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, ओव्हनमध्ये होत्या. ग्वेनने त्याला थोपवलं, "थांब जरा, गरम घेऊन जा." तो थांबला, पेस्टी घेऊन गेला, आणि पुढे वळणावर ते घडलं. प्रकरण बालपणाचं असो की क्रिकेटचं, ग्वेन फिरून त्या ओव्हनपाशी यायची. आणि दर वेळी काहीतरी वेगळं असायचं. एकदा रॉडी हसून तिच्या पिठाळ गालाची पापी घेतो. एकदा नुसता शीळ घालत उभा राहतो. एकदा चिडतो, "आई, तुझ्या पेस्टीपायी कोठारावरच्या रांगेतला माझा नंबर जाईल!" आणि जाळीचं दार आपटून निघून जातो.

समासात प्रश्न लिहायला नेरिडाने पेन उचललं होतं: यातलं खरं कोणतं? पण जिवलग मैत्रिणीला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? तिला पुन्हा त्या दारात कशाला उभं करायचं? आपण एवढे अनुभवी, आपल्याला कळतं की. तिने तो प्रसंग एकदाच ठेवला, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, आणि चिडलेला रॉडी ठेवला. तोच सगळ्यात खरा वाटत होता. आपटलेल्या दाराने प्रकरण संपवलं तेव्हा तिचे स्वतःचे डोळे भरून आले. आपण आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात चांगलं, असं तिला वाटलं. ते खोटंही नव्हतं.

नीट केलेले कागद ग्वेनला दिल्यानंतरच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग नेरिडाच तिच्याकडे गेली. ग्वेनने दार उघडलं, किटली ठेवली, बिस्किटं काढली. रागाचं चिन्ह नव्हतं.

"आवडलं नाही का गं?" नेरिडाने विचारलं.

"फार सुंदर केलंयस. दोनदा वाचलं मी."

"मग?"

ग्वेन खुर्चीत बसली. "तो चिडला होता का गं, नेरिडा?"

"अगं, तूच लिहिलं होतंस..."

"मी सगळंच लिहिलं होतं. खरं काय ते मला माहीत असतं तर इतक्यांदा लिहिलं असतं का? माझी पाठ होती त्याच्याकडे. मी ओव्हनमध्ये बघत होते." तिचा आवाज अगदी साधा होता. "रोज मी आठवायचे. एखाद्या दिवशी तो हसायचा. त्या दिवशी मला जेवण जायचं."

नेरिडा घाईने म्हणाली, "आपण परत घालू ते सगळं. माझ्याकडे तुझी मूळ प्रत आहे. आजच बसते..."

"मूळ प्रत माझ्याकडेही आहे. काल वाचायला घेतली. हसण्याचं आलं की वाटतं, हे मी उगीच रचलं होतं. तुझं इतकं चांगलं जमलंय ना, की आता तेच दिसतं. दार आपटतं आणि तो जातो." तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घे ना. चहा गार होतोय."

नेरिडाने बिस्कीट घेतलं आणि तसंच हातात धरून बसली. माफ कर म्हणाली तेव्हा ग्वेन म्हणाली, "तुझी काय चूक? मीच तर नीट कर म्हणाले." ते ऐकणं शिवी खाण्यापेक्षा जड गेलं.

पुस्तक छापलं गेलं नाही. हिवाळा लागायच्या आधी ग्वेन घर विकून डार्विनला लेकीकडे गेली. निघताना तिने नेरिडाला मिठी मारली, पत्ता दिला. नेरिडाने लिहायला घेतलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्या ओळीवर अडलं. तिकडून ख्रिसमसला एक कार्ड आलं, त्यावर छापील शुभेच्छांखाली नुसतं नाव.

"तू तुझं काम केलंस," क्लेम तिला समजवायचा. "वाईट कुठे केलंस?"

"वाईट केलं असतं तर तिने फेकून तरी दिलं असतं," ती म्हणायची.

त्यानंतर दोन शेतकऱ्यांचे इतिहास आले. नेरिडा पहिलं पान उघडायची आणि हात थांबायचा. एखादा शब्द दोनदा आला तर तो चुकून आला की त्या माणसाला तिथून हलवतच नव्हतं, हे तिला आता सांगता येईना. आणि विचारायला गेलं तर प्रश्नच फार व्हायचे. एकाने कागद परत नेले. दुसऱ्याचे तिनेच पोचवले. पडवीतलं टेबल हळूहळू धुतलेल्या कपड्यांनी भरलं. कडीनाच्या सुपरमार्केटमध्ये तिला गल्ल्यावर काम मिळालं.

घरात पुस्तकं होती, ती तिने वाचनालयाला देऊन टाकली. क्लेमने विचारलं, "एकही ठेवायचं नाही?" तिने मान हलवली. वाचायला बसलं की वाक्यामागे काय होतं आणि कुणी काय कापलं, तेवढंच तिला दिसायचं.

मागच्या महिन्यात चर्चमधल्या बायका पाककृतींचं छोटं पुस्तक काढत होत्या. त्यांच्यातली एकजण गल्ल्यावर येऊन थांबली, पिशवीतून पानं काढून म्हणाली, "नेरिडा, तुझ्या नजरेखालून एकदा जाऊ दे ना. तुझ्यासारखी नजर कुणाची आहे इथे?"

नेरिडाने पानं हातात घेतली. वरच्याच पानावर साखर दोनदा लिहिलेली होती. मागे रांग लागली होती.

"छान आहे," ती म्हणाली, पानं परत दिली आणि पुढच्या माणसाचं दूध उचललं.