द्राक्षबागेत टांगलेला बँड

माझ्या सख्ख्या चुलत्यांचा अख्खा बँड मी द्राक्षबागेत टांगला. पाखरं हाकायला.

हे चुलते म्हणजे आमचे अण्णा. कॉलेजात असताना ते नाशकात चार मित्रांबरोबर फंक वाजवायचे. (फंक म्हणजे काय ते मला विचारू नका. ड्रम असा वाजतो की कंबर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, एवढंच मला कळलं.) त्यांची एकच छोटी तबकडी निघाली, ती घरच्यांनीसुद्धा ऐकली नाही. आणि पन्नास वर्षांनी कळलं, तिच्यातला अण्णांच्या ड्रमचा तुकडा अमेरिकेतल्या कुण्या रॅपवाल्यानं कापून आपल्या गाण्यात गरागरा फिरवलाय! हे शोधून काढलं नाशकातल्याच इंदिरानगरच्या तन्वीनं. ती स्वतः हिपहॉप बनवते. तिनं लगेच अण्णांना फोन केला.

"आजोबा, तुमचं आणखी काही रेकॉर्डिंग आहे?"

"आहे ना! बाकीची सगळी गाणी स्पूलच्या, म्हणजे जुन्या मोठ्या रिळाच्या टेपवर आहेत. एकच प्रत. पुतण्याकडे सांभाळायला दिलीय."

पुतण्या म्हणजे मी.

त्याचं असं झालं, द्राक्षात साखर भरली की साळुंक्या तुटून पडतात. मग आम्ही पिंपळगावकर जुन्या कॅसेटींच्या फिती बागेवर ताणतो. वाऱ्यानं फीत घुं घुं करते, पाखरू बिचकतं. यंदा गावातल्या कॅसेटी संपल्या, आणि मला माळ्यावर अण्णांचा डबा सापडला. काय ती रुंद फीत! शेजारी म्हणाले, "लय भारी माल हाय, कुठून आणला?" मी मिशीला पीळ देत हिंडत होतो हो!

महिन्याभरानं अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून तन्वीसह दारात हजर.

"दिल्या, टेप काढ."

"कपाटात आहे, अण्णा. पण किल्ली हिच्याकडे, अन् ही गेलीय माहेरी, सटाण्याला."

"अहो, मी घरातच आहे की!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तेवढ्यात तन्वीनं कान टवकारले. "बागेत तो आवाज कसला येतोय?" म्हणत ती रेकॉर्डर चालू करून निघाली, मागे अण्णा, त्यांच्यामागे घामाघूम मी. पहिल्याच खांबाला रिकामं स्पूल लटकत होतं, अण्णांच्या अक्षरातल्या लेबलासकट!

अण्णांनी ते वाचलं. डोळे भरून आले त्यांचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, परत गुंडाळून देतो..."

"काका, उन्हानं सगळं गेलंय," तन्वी हळूच म्हणाली.

अण्णा उपड्या क्रेटवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी क्रेट बडवायला लागले. "दिल्या, गाढवा! (धप्प!) सांभाळ म्हणालो होतो! (धप-धप-धप्प!) माझा बँड साळुंक्यांना ऐकवलास?" सत्तरी उलटलेला माणूस, रागानं थरथरतोय, पण ताल म्हणून सुटेना! तन्वीनं रेकॉर्डर गुपचूप क्रेटजवळ सरकवला.

दोन महिन्यांत तन्वीचं गाणं आलं. ड्रम म्हणून क्रेट, खाली अण्णांचं नाव. अण्णा भेटेल त्याला ऐकवतात. आता महामार्गावरच्या टेम्पोतही तेच वाजतं: "दि-दि-दिल्या, गाढवा! दिल्या, गाढवा! सांभाळ म्हणालो होतो!" पोरंटोरं नाचतात. आणि मी भर रस्त्यात, दर वेळी, हात जोडून म्हणतो, "चुकलो, अण्णा!"