मायरेचं बुधवारचं पोहणं

मायरे सालमेलाला खोटं बोलायची सवय नव्हती. यात तिचा मोठेपणा काही नाही. हेलसिंकीत कोणी कोणाला काही विचारतच नाही, मग खोटं बोलायची वेळ येणार कुठून? त्यामुळे आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं ती नवऱ्याशी बोलली, तेही त्याने काही विचारलेलं नसताना.

"बुधवारी दुपारी मी पोहायला जात जाईन म्हणते," ती म्हणाली.

"बरं," कालेर्वो म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

पोहणं कसलं आणि काय! हाकानिएमीच्या बाजारामागे 'कूतामो' नावाचं जुनं नाचघर आहे. रात्री तिथे तरुण पोरं धिंगाणा घालतात, पण बुधवारची दुपार पिकल्या केसांची. अकॉर्डियन, ढोल, गाणारी एक जाडजूड बाई, आणि एकामागून एक टँगो. मायरे जायची ती तिथे.

याच कूतामोत कालेर्वो तिला भेटला होता. तो ट्राम चालवायचा आणि नाचायचाही ट्रामसारखाच, वळणावर जराही धक्का न लावता. बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायची वेळ झाली, असं सांगणारी भिंतीवरची पाटी उजळली की चार जणी त्याच्या दिशेने निघत, आणि मायरे कोपराने वाट काढत सगळ्यांच्या पुढे जाई. तीसेक वर्षं दोघं तिथे नाचले. मग एका सकाळी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं परत आलं, डावा हात आणि पाय मात्र आले नाहीत. इस्पितळात त्याचा हात धरून मायरे म्हणाली, "तू नाही, तर मीही नाही. कूतामोची पायरी आता चढणार नाही."

हे वचन त्याने मागितलं नव्हतं. इस्पितळातल्या खाटेशी बसून माणसं असलं काहीतरी बोलून जातात आणि मग जन्मभर निस्तरतात. मायरेने वर्षभर शब्द पाळला. मग एकदा वसंतात बाजारातून मासे घेऊन येताना कूतामोची खिडकी उघडी होती आणि आत तिचा आवडता टँगो चालला होता. मासे तिने कोटांच्या खोलीत ठेवायला दिले आणि आत गेली.

तेव्हापासून हे सोंग. पिशवीत वर टॉवेल आणि पोहण्याचा पोशाख, तळाशी कापडात गुंडाळलेले नाचाचे बूट. घरी निघण्यापूर्वी ती कूतामोच्या प्रसाधनगृहात नळाखाली तो पोशाख भिजवायची, केसांची टोकंही ओली करायची. कोट सांभाळणारी सिर्का दारात उभी राहून मजा बघायची.

"झालं का गं अंघोळ घालून लेकराला?"

"गप्प बस, सिर्का."

"अगं, चाललीयस तरी कुठे? शेवटचा वाल्स आहे, दिवसातला शेवटचा नाच. तो एन्सिओ बघ कसा मान वर करून शोधतोय तुला."

"शोधू दे."

एन्सिओ बिचारा सज्जन विधुर. रीतीप्रमाणे दोन गाणी नाचायचा, आभार मानायचा, हाताला धरून तिला खुर्चीपर्यंत सोडायचा. त्यापलीकडे काही नाही. पण शेवटचा वाल्स ज्याच्यासोबत घरी जायचं त्याच्यासोबतच नाचतात, हे कूतामोत शेंबडं पोरही सांगेल. तो सुरू झाला की मायरेला पोशाख भिजवायची आठवण व्हायची.

घरी कालेर्वो कॉफी ओतून ठेवायचा, वेलदोड्याचा पाव कापायचा आणि विचारायचा, "पाणी कसं होतं?"

"छान होतं." कधी, "आज जरा गारच होतं."

मग तो उठून, काठी टेकत, ओला पोशाख पिळून न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घालायचा. तिने "राहू दे" म्हटलं तरी ऐकायचा नाही. एका हाताने चिमटे लावणारा तो नवरा बघून मायरे पाव तसाच बशीत ठेवून द्यायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. दर बुधवारी संध्याकाळी ती ठरवायची, पुढच्या वेळी जायचं नाही. दर मंगळवारी पिशवी भरायची.

नोव्हेंबरात रूळ उखडले होते म्हणून तिची ट्राम एकदा भलत्याच रस्त्याने फिरली. पोहण्याच्या तलावावरून गेली. इमारतीला लोखंडी परांची बांधलेली होती, दारावर भली मोठी पाटी: दुरुस्तीसाठी बंद, ऑगस्टपासून. पूर्ण शरद ऋतू मायरे बंद तलावात पोहून, ओला पोशाख घेऊन घरी येत होती. आणि कालेर्वो वस्तीचं फुकट वर्तमानपत्र हरवलेल्या मांजरांच्या जाहिरातींसकट वाचणारा माणूस.

ती घरात शिरली. कॉफी तयार होती.

"पाणी कसं होतं?"

मायरे कोट न काढताच खुर्चीवर बसली. "तलाव बंद आहे."

"ऑगस्टपासून," तो म्हणाला. "सगळ्या फरश्या बदलतायत. पेपरात आलं होतं."

"मग विचारत का होतास रे दर वेळी?"

"कळायचं ना. तू छान म्हणालीस की समजायचं, बँड चांगला होता. गार म्हणालीस की ढोलवाला नवखा असणार."

"म्हणजे ऑगस्टपासून..."

"त्याच्या आधीपासून. तलावाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, मायरे. तुझ्या पोशाखाला कधी आला नाही. आणि बुटांचे तळवे कोण घासतं असं वाटलं तुला?"

नाचाच्या बुटांच्या मऊ कातड्याला तारेचा ब्रश मारावा लागतो, नाहीतर पाय घसरतो. मायरेने कधी ब्रशला हात लावला नव्हता. तळवे टिकलेत चांगले, एवढंच तिला वाटत होतं.

"मी वचन दिलं होतं तुला," ती म्हणाली. तिला रडू फुटलं.

"मी कुठे मागितलं होतं? नाचाचं मला काही नाही. जा की. पण मी इतका केविलवाणा दिसतो का गं, की बायकोने नळाखाली चिंध्या भिजवून आणाव्यात?"

त्याला जपते आहे, असं मायरे स्वतःला सांगत आली होती; जपला होता तिने स्वतःचा बुधवार.

कपाकडे बघत कालेर्वोने विचारलं, "शेवटचा वाल्स कोणाबरोबर असतो?"

"कोणाबरोबरच नाही. त्या वेळी मी पोशाख भिजवत असते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

कालेर्वो हसायला लागला. हसता हसता त्याने चांगला हात डोळ्यांवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या बुधवारी त्यानेच तिला हाताला धरून दाराबाहेर काढलं. पिशवीत नुसते बूट होते, तळवे घासलेले. माफी मिळाली की ओझं उतरतं म्हणतात. मायरेचं चढलं होतं. ती एन्सिओबरोबर दोन गाणी नाचली, पाटी उजळली तेव्हा आणखी एकाला उठवलं. मग गाणाऱ्या बाईने शेवटचा वाल्स म्हणून सांगितलं, आणि मायरे उठून प्रसाधनगृहात गेली.

सिर्का मागोमाग आली. "आता काय भिजवतेस, बये? सांगून टाकलंस ना त्याला?"

"सांगितलं."

मायरेने नळ सोडला आणि दोन्ही हात पाण्याखाली धरले. बाहेर वाल्स संपेपर्यंत तशीच उभी राहिली. मग हात न पुसताच तिने कोट चढवला.

घरी कॉफी तयार होती.

"पाणी कसं होतं?" कालेर्वोने विचारलं.

तिने आपले गारठलेले ओले हात त्याच्या हातात दिले.